हळू गाण्याची परीक्षा

आमच्या जळकोटास गाण्याची परीक्षा अजूनहि आवाजाच्या उंचीवर होते. तुळजापूर हा आमचा तालुका. गोंधळ्यांच्या संबळावर आणि लग्नांतल्या हलगीवर ज्यांचे कान तयार झाले, त्यांस हळू गाणें अपुरें वाटल्यास नवल नाहीं. आमचे एक चुलते पेटी उत्तम वाजवीत. जी. एन. जोशी यांनीं गायिलेली 'शीळ' त्यांना ऐकविली, तेव्हां ते म्हणाले, "गोड आहे, पण ह्यांत गाणें कोठें आहे?" त्यांच्याच घरांत पहाटे आजी जात्यावर स्वतः रचलेल्या ओव्या म्हणे, निजलेलें मूल जागें होऊं नये इतक्या हळू. तिला हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं. पुढें पिठाची गिरणी आली, जातें माळ्यावर गेलें, आणि त्यांतली एकहि ओवी आज घरांत कोणास पुरती येत नाहीं.

'शीळ'ची ध्वनिमुद्रिका १९३२ सालची. मराठी भावगीताचा आरंभ बहुधा तेथूनच धरतात. गायक आणि मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे, दोघेहि १९०९ चे जन्मलेले. रानांतून येणारी शीळ ऐकून एका तरुणीच्या मनाची झालेली चलबिचल, एवढाच विषय. तान येथें शब्दापेक्षां मोठी होत नाहीं. कर्ण्यांत ओरडून गावें लागे त्या काळीं हें साधलेंच नसतें. १९२५ पासून विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण होऊं लागलें, आणि कुजबुजीलाहि तबकडींत जागा मिळाली.

टीकाकारांची मात्र पंचाईत झाली असावी. त्याआधीं रविकिरण मंडळाचे यशवंत, गिरीश आपल्या कविता आपणच गात. त्या मंडळींची अत्र्यांनीं 'झेंडूचीं फुलें' (१९२५) मध्यें यथेच्छ थट्टा केली. ती वाचून आम्हांस आजहि हसूं येतें. पण थट्टा झाली ती लकबींची. कविता गळ्यांत उतरल्यावर तिचें काय होतें, हा प्रश्न तसाच राहिला. वाङ्मयाच्या टीकाकारानें पुस्तक उघडावें, तर देशपांड्यांचा 'शीळ' हा संग्रह निघाला १९५४ सालीं, तबकडीनंतर २२ वर्षांनीं! संगीताच्या जाणकारानें राग धुंडाळावा, तर तो शब्दांच्या मागें अदबीनें उभा. दोघांच्या मधल्या दारांतून गाणें घरोघर गेलें. पुढें भावगीत म्हणजे उसासे, असें वाटण्याइतकीं पाणचट गाणीं निघालीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्यांचें पाप 'शीळ'च्या माथीं मारणें हा अन्याय होय.

परवां आमच्या एका विद्यार्थ्यानें तीच शीळ आपल्या मोबाइलवर लावली, जुन्या तबकडीच्या खरखरीसकट. क्षणभर ऐकून तो म्हणाला, "सर, आवाज वाढवूं का?"

आम्ही खिडकी लावून घेण्यास सांगितलें.