सल्ला कोणाचा घ्यावा?

फुकटचा सल्ला चहाच्या टपरीवर मिळतो, लग्नाच्या पंगतीतही मिळतो. पण दुकान काढायचे असेल, कर्ज उचलायचे असेल, वेल्डिंगचे वर्कशॉप टाकायचे असेल, तर जाणकाराचीच पायरी चढावी लागते. बाबासाहेबांनी शिक्षणाची वाट दाखविली. त्या वाटेने आपण शिक्षक, कारकून, डॉक्टर, वकील झालो. आता आपली मुले धंद्यात उतरत आहेत. तेव्हा सल्लागार कसा निवडावा, त्याच्याबरोबर काम कसे करावे आणि आपल्यातल्याच कोणी सल्लागार व्हायचे ठरविले तर त्याने काय सांभाळावे, याचा विचार आपण केला पाहिजे. आमच्या घरात तर हा रोजचाच विषय आहे, कारण माझ्या मुलीने कळमेश्वरला कर सल्लागाराची पाटी लावली आहे.

पाटी रंगवायला टाकली तेव्हा नात्यातले एक मामा म्हणाले, "पोरी, पाटीवर आडनाव कायले टाकतं? नुसतं नाव टाक अन् खाली बी.कॉम. लिही. गिऱ्हाईक आंधी आडनाव वाचते, मंग पायरी चढते."

मामांच्या बोलण्यात खोट नव्हती. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी टाइमकीपर होतो. आडनाव ऐकल्यावर माणसाचा आवाज कसा बदलतो, ते मीही ऐकले आहे. मुलगी गप्प राहिली. तेव्हा मी तिला बाबासाहेबांच्या चरित्रातली एक हकिकत सांगितली. जयंतीच्या भाषणांत ती क्वचितच ऐकू येते.

१९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले आणि बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. तिथे त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि त्यांना मुंबईस परतावे लागले. घर चालवायचे होते, म्हणून त्यांनी शिकवण्या केल्या. त्याच काळात शेअरबाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढीही त्यांनी काढली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला तो माणूस! त्याच्याइतका जाणकार सल्लागार त्या वेळी मुंबईत किती जणांना मिळाला असता? सुरुवातीला गिऱ्हाइके आलीही. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे, हे कळताच ती येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली.

सल्ला चुकला म्हणून पेढी बुडाली नव्हती. ज्यांना चांगला सल्ला मिळत होता, त्यांनीच तो जातीपायी नाकारला. बाबासाहेबांनी मात्र नाव झाकले नाही. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पैसे साठवून १९२० साली पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. आणि ज्यांच्या पेढीकडे शेअरवाल्यांनी पाठ फिरविली होती, त्यांचीच साक्ष भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या सरकारी आयोगाने १९२५ साली घेतली. ही हकिकत ऐकल्यावर मुलीने पाटीवर नाव आणि आडनाव, दोन्ही मोठ्या अक्षरांत लिहून घेतले.

जातीवरून सल्लागार नाकारणे जसे चूक, तसे जातीवरून सल्लागार निवडणेही चूकच. "आपला माणूस आहे" एवढ्यावर डोळे मिटू नयेत. आमच्या शेजारच्या एका भावाने फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपसाठी अशाच एका आपल्या माणसाकडून कर्जाचा प्रोजेक्ट रिपोर्ट करून घेतला. पैसे आगाऊ मोजले. बँकेत साहेबाने पाने उलटली तर आत पिठाच्या गिरणीचा हिशेब! कोणाचा तरी जुना रिपोर्ट, वरचे नाव तेवढे बदललेले. भावाचे पैसे गेले आणि बँकेत मान खाली घालावी लागली, ती वेगळीच.

मग सल्लागार ओळखावा कसा? याचे उत्तर तथागतांनी राजगृहात सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला दिले आहे. सिगालोवाद सुत्तात खोट्या आणि खऱ्या मित्रांची लक्षणे सांगितली आहेत. फक्त घेणारा, फक्त बोलणारा, तोंडावर गोड बोलणारा आणि नाशाच्या वाटेवर सोबत करणारा, हे चौघे मित्राच्या वेशातले परके होत. खऱ्या मित्रांत एक आहे अत्थक्खायी, म्हणजे हिताचे सांगणारा. तो वाईटापासून अडवितो, चांगल्याकडे वळवितो आणि जे आपण ऐकलेले नाही ते ऐकवितो. मला तर सल्लागाराची परीक्षा यातच दिसते. "तुमचे काम झालेच समजा" म्हणणारा गोड बोलणारा झाला. "हे कर्ज तुम्हाला झेपणार नाही" असे तोंडावर सांगणारा हिताचा झाला.

सल्लागाराला प्रश्न विचारायला लाजू नये. तुमचे शिक्षण काय? असे काम आधी कोणाचे केले? फी किती, आणि तीत काय काय आले? रिपोर्टमध्ये यंत्राची किंमत, कच्चा माल, वीज, मजुरी, खेळते भांडवल आणि महिन्याचा हप्ता हे आपल्याला समजेपर्यंत विचारावे. जो हिशेब आपल्याला सांगता येत नाही, तो बँकेपुढे टिकत नाही. कोऱ्या कागदावर सही करू नये, मोबाइलवर आलेला ओटीपी देऊ नये आणि मूळ कागद कोणाकडे ठेवू नयेत. पैसे दिले की पावती घ्यावी. सरकारी संकेतस्थळावर उद्यम नोंदणी मोफत होते. जीएसटीच्या नोंदणीलाही सरकारी शुल्क नाही. अर्ज भरून देणाऱ्याने मेहनतीचे पैसे मागावेत, पण "सरकारी फी" म्हणून मागितले तर उठून यावे. आपणही सल्लागारापासून काही लपवू नये. जुने कर्ज थकले असेल तर आधीच सांगावे. डॉक्टरपासून दुखणे लपविले तर औषध कसे लागू पडेल?

आता सल्लागार होणाऱ्यांसाठी थोडे. मुलगी बी.कॉम. झाली आणि लगेच पाटी लावून बसली, असे नाही. चार वर्षे ती रोज कळमेश्वरहून नागपूरला एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात जात होती. पहिले वर्ष तर बिले लावण्यात आणि खतावणी तपासण्यातच गेले. सनदी लेखापालाचे काम कोणते आणि आपले कोणते, ही मर्यादा ती तिथेच शिकली. आपल्याला येत नाही ते काम ती सरळ त्यांच्याकडे पाठविते. मागे एक ताई कर्ज काढून दुसरे शिलाई यंत्र घ्यायचे म्हणून आल्या. मुलीने त्यांची वही पाहिली आणि सांगितले, "ताई, पहिल्या यंत्राले दिवसभर काम नाही पुरत. आंधी काम वाढवा." ताई थोड्या रुसल्या. पुढे शाळेच्या गणवेशाचे काम मिळाले, तेव्हा पुन्हा आल्या.

एका व्यापाऱ्याने फोनवर सगळे ठरविले, पाटी वाचली आणि तो जिन्यावरूनच परतला. शंभर वर्षांनंतरही असा जिना शिल्लक आहे. पण माझ्या मनाला जास्त लागते ते वेगळेच. आपलीच माणसे येतात, तासभर बसतात, कागद करून घेतात आणि उठताना म्हणतात, "घरचीच पोरगी आहे, तिले कायची फी?" हीच माणसे नागपुरात दुसऱ्या कोणाला मुकाट्याने पैसे मोजून येतात. बाबासाहेबांची पेढी परक्यांनी पाठ फिरविली म्हणून बंद पडली. आपल्या मुलामुलींची कार्यालये आपण फुकट बसून बंद पाडायची का?

त्यांना पारखून घ्या, खुशाल चार प्रश्न जास्त विचारा. काम कच्चे असेल तर परत करा. पण काम पक्के असेल तर फी टेबलावर ठेवूनच उठा. जयभीम!