जबलपूरच्या वाटेवरचा धोत्रा

नागपूरहून सिवनीमार्गे जबलपूर सुमारे २७० किलोमीटर. मराठी पर्यटक इथे येतात ते मुख्यतः भेडाघाटसाठी. दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे, मधून संथ वाहणारी नर्मदा आणि वरच्या अंगाला तुषारांचा धूर उडवणारा धुवांधार! जवळच्याच टेकडीवर चौसष्ट योगिनींचे कलचुरी काळातले गोलाकार मंदिर आहे. त्याच्या आवारात गौरीशंकर विराजमान आहेत. शंकर म्हटला की बेल आला आणि धोत्राही आला. महाशिवरात्रीला त्याची पांढरी फुले आणि काटेरी फळे देवाला वाहिली जातात. एरवी ते झुडूप उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला आपोआप वाढते.

याच धोत्र्याचा जबलपूरच्या इतिहासाशी आणखी एक संबंध आहे आणि तो थरकाप उडवणारा आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातला हा मुलूख १८१७-१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. मिर्झापूरहून नागपूरकडे जाणारा दख्खनचा मोठा रस्ता जबलपूरवरून जात असे. व्यापारी, यात्रेकरू, रजेवर निघालेले शिपाई यांची त्यावर सतत वर्दळ. ठगांचे फावले ते अशाच रस्त्यांवर. त्यांचा बंदोबस्त करणारा अधिकारी विल्यम स्लीमन याचे मुख्य ठाणे जबलपूर होते. पकडलेल्या ठगांना माफीचे साक्षीदार करून त्याने टोळ्यांमागून टोळ्या उघडकीस आणल्या. कटनीच्या वाटेवरचे स्लीमनाबाद आजही त्याचे नाव सांगते.

रुमालाने गळा आवळणारे ठग सर्वांना ठाऊक आहेत. पण स्लीमनने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात आणखी एका जातीच्या गुन्हेगारांविषयी लिहिले आहे. ते वाटसरूंशी गोड बोलून ओळख वाढवत आणि त्यांच्या खाण्यापिण्यात धोत्र्याचे बी मिसळत. हा गुन्हा देशभर पसरला आहे आणि गुन्हेगार बिनबोभाट सुटतात, अशी त्याची खंत होती.

ते सुटत कसे? याचे उत्तर मेंदूत आहे. धोत्र्यात अ‍ॅट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही विषारी द्रव्ये असतात. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात तो काही रसायनांच्या मार्फत. त्यांतले एक अ‍ॅसिटिलकोलीन. नवी आठवण साठवण्यासाठी ते आवश्यक असते. धोत्र्याची विषे ते जिथे पोचायचे ती दारेच अडवून बसतात. निरोप निघतो, पण पोचत नाही.

मग तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंग तापते, तोल जातो. माणूस बरळू लागतो, नसलेल्या वस्तू पाहतो, हवेतले अदृश्य धागे वेचत बसतो. पुढे गाढ गुंगी येते. विष जास्त झाले तर मृत्यूही ओढवतो. जो वाचतो, त्याला मधल्या काळातले धड काही आठवत नाही. कोणी खायला दिले, तो दिसायला कसा होता, काहीच नाही! लुटारू पैशांबरोबर साक्षही चोरून नेत असे. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत धोत्र्याला ‘रस्त्यावरचे विष’ म्हणतात ते उगीच नव्हे.

१८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग जबलपूरलाच जोडले गेले. पायवाटा ओस पडल्या, पण गुंगीचा धंदा आगगाडीत चढला. आता त्यासाठी बहुधा झोपेची औषधे वापरली जातात. प्रवासात अनोळखी माणसाकडून खाद्यपदार्थ घेऊ नका, असे रेल्वे वारंवार बजावते, त्यामागे हा जुना अनुभव आहे.

गंमत अशी, की हीच द्रव्ये डॉक्टरांच्या हाती औषध होतात. डोळे तपासताना बाहुली मोठी करायला अ‍ॅट्रोपीनचे थेंब घालतात. काही कीटकनाशकांची विषबाधा झालेल्या शेतकऱ्याचा जीव अ‍ॅट्रोपीनच वाचवते. आणि गाडी लागणाऱ्या प्रवाशाला स्कोपोलामीनचा उपयोग होतो. फरक आहे तो मोजक्या मात्रेचा. झाडावरच्या बियांत विष किती, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून दम्यावर किंवा कुत्रा चावल्यावर धोत्र्याचा घरगुती उपाय करणे धोक्याचे आहे.

घरात मुले असतील तर अधिक सांभाळावे. धोत्र्याचे बी मिरचीच्या बीसारखे दिसते. मिरचीचे बी फिकट पिवळे, तर धोत्र्याचे तपकिरी आणि चवीला कडू. मुलाने ते खाल्ल्याची नुसती शंका आली तरी मीठ-पाणी पाजून उलटी करवत बसू नये. त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि फळाचा उरलेला तुकडा सोबत घ्यावा. वेळेवर उपचार मिळाले तर रुग्ण सहसा बरा होतो.

भेडाघाटला गौरीशंकराला धोत्रा जरूर वाहावा. मात्र फळ मुलांच्या हाती देऊ नये आणि प्रसादाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत. ते विष पचवणे शंकराला जमले, आपल्याला नाही.