काकांचा मॅक आणि दोन ओएस

कॉम्प्युटर चालू केला की ओएस चालू होते. 'कुठली?' हा प्रश्न आपल्याला पडत नाही. माझ्या डीटीपीवाल्या काकांना मात्र तो रोज पडायचा.

त्यांचा पॉवर मॅक जी-४ आहे २००२ सालचा, म्हणजे अगदी सांध्यावरचा. त्याच वर्षी मे महिन्यात स्टीव्ह जॉब्सने स्टेजवर शवपेटी आणून मॅक ओएस ९ चे अंत्यसंस्कार केले होते. काकांचं मशीन ओएस ९ आणि ओएस एक्स (एक्स म्हणजे दहा, बरं का) दोन्हींवर चालू होतं.

काकू म्हणतात, "भंगारात द्या एकदाचं!" पण आजीच्या ओव्यांचं पुस्तक त्यात आहे. काकांनी ते क्वार्कमध्ये जुळवलं, तेही युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली असत. फॉन्ट नसेल तर ओवीची नुसती एबीसीडीची भेळ! आणि घरात छापील प्रत उरलीय एकच.

ओएस एक्सच्या आत ओएस ९ चालवणारं 'क्लासिक' १०.४ पर्यंत होतं. पण हार्डवेअरशी थेट बोलणारे जुने प्रोग्रॅम त्यात रुसतात. म्हणजे खरोखर ओएस ९ वरच चालू करणं आलं.

नियम सोपा आहे. 'स्टार्टअप डिस्क'मध्ये निवडलं की ते कायमचं, आणि चालू होताना ऑप्शन की दाबून धरली की फक्त त्या वेळेपुरतं. मेख अशी, की ऑप्शनने दिसतात ती व्हॉल्यूम्स, आणि एका व्हॉल्यूमची एकच सिस्टम. काकांच्या दोन्ही एकाच व्हॉल्यूमवर, त्यामुळे पर्यायच दिसेना. पार्टिशन करायचं तर डिस्क पुसा... छे! शेवटी दुसरी हार्ड डिस्क बसवली आणि ओएस एक्स तिच्यावर टाकली. काकांच्या डिस्कला हातही लावला नाही.

तरी वीज गेली की मशीन निवड विसरायचं, तारीखही विसरायचं. ही निवड एका छोट्या मेमरीत असते आणि तिला जगवते ३.६ व्होल्टची, पेन्सिल सेलच्या निम्म्या उंचीची लिथियम बॅटरी. ती संपली होती. नवीन घातली, विसरणं थांबलं.

मी तोवर 'कुठली ओएस ठेवायची?' यावर घोळत होतो. काका म्हणाले, "अरे, ठेवायची कशाला? काम जिथे आहे तिथे जायचं."

आणि झालंही तसंच. ओएस ९ मधल्या क्वार्कमधून पोस्टस्क्रिप्ट फाइल काढली. मग ऑप्शन दाबून ओएस एक्स. तिथल्या प्रिव्ह्यूने तिची पीडीएफ करून दिली. एकट्या कुणाच्याने हे झालं नसतं.

पीडीएफ प्रेसला गेलीय. युनिकोडमध्ये टायपिंग मात्र मलाच करायचंय, दर रविवारी दहा ओव्या. असो. तुमच्या माळ्यावर असा मॅक असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी ऑप्शन की दाबून बघा.