मोतीची वडी

नरकचतुर्दशीची पहाट. बंब धडधडतोय, अंगाला तेल चोपडून आम्ही भावंडं कुडकुडत उभी, आणि आई फळीवरच्या डब्यातून मोती साबणाचं खोकं काढतेय. मोती फक्त दिवाळीचा. एरवी घरात तांबड्या साबणाचं राज्य. ती गोल, जाडजूड वडी आमच्या मुठीत मावायची नाही. हातातून निसटून मोरीत गडगडली की दिवाळीचा पहिला धपाटा पाठीत. थोरल्यापासून सुरुवात व्हायची, त्यामुळे धाकटीच्या वाट्याला येईपर्यंत वडीवरची अक्षरं पुसट झालेली.

साबण टाटांचा, एवढं वडिलांना पुरे होतं. टाटा ऑइल मिल्स, म्हणजे टॉम्को. हमाम आणि ५०१ बारही त्यांचाच. १९९३ मध्ये टॉम्को हिंदुस्तान लीव्हरमध्ये विलीन झाली. कामगार संघटना सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, पण विलीनीकरण कायम राहिलं. आमच्या मोरीपर्यंत यातलं काहीच पोचलं नाही. चंदनाचा वास तोच, वडीही गोलच.

त्याच वर्षी पार्लेच्या चौहानांनी थम्सअप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट कोकाकोलाला विकले. थम्सअप तगलं. मनमाडजवळच्या अंगठ्यासारख्या सुळक्याला लोक आजही थम्सअपचा डोंगरच म्हणतात. गोल्ड स्पॉटला मात्र फँटासाठी जागा रिकामी करावी लागली. लग्नाच्या मांडवात ती बाटली संपवून आम्ही नारिंगी जिभा एकमेकांना दाखवायचो. एवढ्या आवडीच्या पेयाला साधा निरोपही देता आला नाही, याचा राग माझ्या मनात अजून आहे. मोती वाचला तो, मला वाटतं, आपल्या अभ्यंगस्नानाच्या जोरावर.

‘दादा, पूर्वीचा मोती राहिला नाही रे,’ असं धाकटी दर दिवाळीला म्हणते. मी वाद घालतो. चाळिशी उलटल्यावर आपलं नाक तरी कुठे पूर्वीचं राहतं? पण साबणाच्या वेष्टनावर टीएफएम म्हणून एक आकडा छापलेला असतो. साबणातल्या स्निग्धांशाचं ते प्रमाण. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर पहिला दर्जा. त्याखाली उतरत्या पायऱ्या. मालक कोणीही असो, हा आकडा छापावाच लागतो.

यंदा खोकं फेकण्याआधी तेवढा वाचा. धाकटीला मीही तेच सांगितलंय. चष्मा तिनंच आणायचाय.