कोल्ह्यावरचा आळ

धानाच्या बांधीत अंड्यांवर बसलेला सारस थर्मल कॅमेऱ्यातून पाहिला तर आधी फक्त डोकं दिसतं. बाकीचं अंग पिसांनी इतकं झाकलेलं असतं की आतली ऊब बाहेर फारशी येतच नाही. डोकं आणि मानेचा वरचा भाग मात्र उघड्या लाल कातडीचा, म्हणून तेवढाच तुकडा उजळतो. बांधीतलं पाणी दिवसभर तापलेलं असतं आणि हवा गार झाली तरी लवकर निवत नाही. त्यामुळे पडद्यावर पाणी फिकट, घरट्याचा ढीग गडद आणि त्यावर एक उजळ ठिपका, असं चित्र दिसतं. पक्ष्याने मान वळवून पिसांत खुपसली की तो ठिपकाही जातो. नवा माणूस घाबरून म्हणतो, पक्षी उठून गेला. अशा वेळी काही करायचं नाही, थांबायचं. थोड्या वेळाने मान पुन्हा वर येते.

मी बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा शेतकरी. वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या काठाने आमच्याकडून पलीकडे गोंदियापर्यंत धानाच्या बांध्या पसरल्या आहेत. राज्याची सीमा कागदावर आहे. बोली, सोयरीक आणि सारस दोन्हीकडचे एकच. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः याच पट्ट्यात, आणि मध्य प्रदेशच्या बाजूने त्याला आधार आहे तो आमच्या बालाघाटचा. गोंदियाची 'सेवा' ही संस्था आणि वनविभाग मिळून उन्हाळ्याच्या शेवटी दोन्हीकडच्या सारसांची गणना करतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. पक्षी इतका थोडा उरला आहे की एकेका घरट्याला किंमत आहे. मादी बहुधा दोनच अंडी घालते आणि नर-मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवतात. पिल्लू उडायला लागेपर्यंत आणखी तीनेक महिने जातात. तोवर ते जमिनीवरच असतं आणि जमिनीवरून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाशी असतं.

त्या येणाऱ्यांत पहिलं नाव घेतलं जातं कोल्ह्याचं. सकाळी घरटं रिकामं दिसलं, टरफलं पडलेली दिसली की गावात एकच वाक्य ऐकू येतं: 'कोल्ह्यानं नेलं.' रात्री कोल्हेकुई ऐकू आलेली असते, तेवढा पुरावा पुरतो. मी जागलीला जायला लागलो ते याच वाक्यापायी. आमच्याकडे पीक राखायला माळ्यावर रात्र काढणं ही जुनीच गोष्ट. त्यात आता हातात मावणारं थर्मल यंत्र आलं एवढाच फरक. ज्याची बांधी आहे तो शेतकरी सोबत असतो, वनविभागाच्या बीटगार्डला आधी कळवलेलं असतं, आणि घरट्यापासून दोनशे मीटरच्या आत आम्ही जात नाही.

यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याच्याविषयी भलत्याच कल्पना आहेत. थर्मलला उजेड लागत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण सोडत असते, तेच हे यंत्र पकडतं. त्याचं भिंग जर्मेनियमचं असतं, कारण साध्या काचेतून हे किरण पार होत नाहीत; गाडीची काच वर करून पाहिलं तर समोरचं काहीही दिसत नाही. नाइट व्हिजनची रीत वेगळी. ते असलेला उजेड वाढवतं, चांदणं असो की ताऱ्यांचा प्रकाश. श्रावण-भाद्रपदाच्या ढगाळ अवसेला वाढवायला उजेडच नसतो, म्हणून त्याच्यासोबत अवरक्त दिवा लावावा लागतो. ८५० नॅनोमीटरचा दिवा लांबवर जातो, पण त्याची लालसर टिकली समोरून दिसते. ९४० चा दिवा दिसत नाही, मात्र त्याचा पल्ला कमी. आणि पावसाळ्यात या दिव्याची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे झिमझिम आणि किडे. थेंब अन् पंख जवळच उजळतात आणि पलीकडचं सगळं त्यांच्या आड जातं.

म्हणून शोधायचं थर्मलने आणि खात्री करायची नाइट व्हिजनने, अशी वाटणी पडते. थर्मललाही पाऊस मानवत नाही. भिजलेलं अंग, भिजलेला बांध, भिजलेलं गवत सगळं एकाच तापमानाला येतं आणि पडदा राखाडी होऊन बसतो. तिन्हीसांजेला आणि पहाटेही एक वेळ अशी येते की सभोवतालचं आणि प्राण्याचं तापमान जुळतं आणि जनावर समोर असून हरवतं. पाऊस उघडून आभाळ मोकळं झालं की मग खरं चित्र येतं. पडद्याचा उजेड अगदी कमी ठेवायचा आणि पाहायचं एकाच डोळ्याने. दुसरा डोळा अंधाराला सरावलेला राहू द्यायचा, कारण अंधाराला पुरता सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका उजळ पडद्यासमोर ती कमाई क्षणात जाते.

पण या कामातलं खरं कसब आहे ओळखण्याचं. १९५८ मध्ये अमेरिकेत जॉन जॉन्सन या संशोधकाने दूरच्या वस्तू यंत्रातून कशा कळतात याच्या पायऱ्या मांडल्या. तिथे काहीतरी आहे, हे आधी कळतं. ते कोणत्या प्रकारचं आहे, हे त्यानंतर. नेमकं कोण आहे, हे सगळ्यात शेवटी, आणि त्यासाठी कितीतरी जास्त तपशील लागतो. अर्धा किलोमीटरवर उजळलेला ठिपका सहज दिसतो. तो कोल्हा की कुत्रा, हे शंभर-दीडशे मीटरच्या आत आल्याशिवाय छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. यंत्र विकणारे पहिल्या पायरीचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. जागल करणाऱ्याला शेवटच्या पायरीशी मतलब.

मग बघायचं काय? चाल बघायची. कोल्हा डोकं खाली घालून एका लयीत दुडकत येतो, थांबतो, कान देतो, पुन्हा निघतो. शेपूट खाली लोंबती. दाट केसांमुळे शेपटीतून ऊब बाहेर पडत नाही, म्हणून पडद्यावर ती जवळजवळ नसल्यासारखी. तोंड, कान आणि पाय तेवढे उजळ. कुत्र्याची शेपूट बहुधा वर, वळलेली. कुत्रा सरळ चालत नाही, इकडेतिकडे हुंगत जातो, सोबत्याच्या अंगावर उडी मारतो, परत येतो. रानमांजर बुटकं, पोट जमिनीला लावून सरकणारं. रानडुक्कर तर लांबूनच कळतं, नुसता ठोकळा. डोळ्यांच्या चमकण्यावर मात्र विसंबू नये. कुत्रा आणि कोल्हा दोघांचेही डोळे सारखेच चमकतात.

एका रात्रीचं सांगतो. चिन्नोर पोटरीवर आला होता. बालाघाटच्या या सुगंधी तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि त्या बांधीतून जाताना वास येतोच. बारा वाजून गेल्यावर दूरच्या बांधावर तीन उजळ आकृत्या दिसल्या. सोबतचे काका कुजबुजले, 'आले बघ भाऊ, कोल्हे.' मी यंत्र त्यांच्या हातात दिलं. तिघे बांधावरून एकामागे एक येत होते. मध्येच एक पाण्यात उतरला, पाणी उडवत दोन वाफे ओलांडून परत वर आला. सारसाचं डोकं ताठ झालं, पाठोपाठ जोडीदाराचं दुसरं डोकं पलीकडून वर आलं. ते आणखी जवळ आले तेव्हा पुढच्याच्या मानेभोवती एक आडवी काळी रेघ दिसली. उबदार मानेवर एक गार पट्टी. काकांनी यंत्र डोळ्यावरून काढलं, पुन्हा लावलं. 'पट्टा आहे गा याच्या गळ्यात,' ते म्हणाले, आणि उठून उभे राहिले. त्यांनी नुसता घसा खाकरला. तिन्ही कुत्री ओळखीचा आवाज ऐकून शेपट्या हलवत त्यांच्याकडे धावत आली.

त्या रात्रीनंतर काका गावात कोल्ह्याचं नाव घेत नाहीत. मी कितीही सांगितलं असतं तरी एवढं झालं नसतं.

कोल्हा निर्दोष आहे असं मला म्हणायचं नाही. पाणी आटलेल्या बांधीत त्याला घरट्याकडे जाताना मी पाहिलं आहे. जोडी पंख पसरून, चोच रोखून त्याच्यावर चालून गेली. मोठा सारस माणसाएवढा उंच असतो. आठ-दहा किलोच्या कोल्ह्याने माघार घेतली यात नवल नाही. कुत्र्यांचं तसं नसतं. ती तिघं-चौघं मिळून येतात, भुंकून पक्ष्याला उठवतात, आणि पक्षी एकाच्या मागे गेला की दुसऱ्याला घरटं मोकळं सापडतं. बहुतेक रात्री कोल्हा बांधावर येतो तो खेकड्यांसाठी आणि उंदरांसाठी. बिळाशी मान वाकडी करून उभा राहतो, मग चारही पाय उचलून झडप घालतो. बांध पोखरणारा उंदीर धान राखणाऱ्याचा केवढा शत्रू आहे हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. खोकड तर त्याहून निरुपद्रवी. तीनेक किलोचं जनावर, त्याला उघडं कोरडं माळरान लागतं. चिखलाच्या बांधीत ते क्वचितच उतरतं. बोरं, वाळवी, टोळ, उंदीर यांवर त्याचं भागतं.

जगात इतरत्र हीच यंत्रं बंदुकीवर बसवून कोल्हे मारले जातात. त्याला तिथे कारणंही आहेत. ऑस्ट्रेलियात लाल कोल्हा मूळचा नव्हेच. एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेसाठी गोऱ्या वसाहतकऱ्यांनी तो आणून सोडला आणि त्याने तिथले जमिनीवर राहणारे कितीतरी छोटे प्राणी संपवत आणले. ब्रिटनमध्ये कोकरं आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी वाचवायला रात्रीचा गोळीबार चालतो. कुत्र्यांच्या टोळीने कोल्ह्याचा पाठलाग करण्यावर मात्र इंग्लंडने २००४ च्या कायद्याने बंदी घातली. तिथल्या लोकांचा हिशेब त्यांच्या जमिनीचा आहे. आपल्याकडचे कोल्हा आणि खोकड इथलेच, सारसाइतकेच जुने, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांच्याही शिकारीला बंदी आहे. तरी कोल्हा मारला जातो. कधी कोंबडीच्या रागाने, कधी 'शियारशिंगी'च्या नावाने विकल्या जाणाऱ्या केसाळ गाठीसाठी. ती गाठ घरात ठेवली की पैसा येतो अशी समजूत. त्या पैशासाठी किती कोल्हे गेले असतील याचा विचार करून मला रात्री संताप येतो.

रात्रीच्या शेतात आणखी एक धोका असतो आणि तो कोणत्याही यंत्रात दिसत नाही. रानडुकरांसाठी विजेच्या लाइनवरून आकडा टाकून जमिनीलगत तार ओढलेली असते. तार गार, भोवतीच्या गवताइतकीच. थर्मलमध्ये तिचा मागमूस नसतो. कान्हा-पेंचच्या दरम्यानच्या या मुलखात अशा तारांवर वाघ आणि बिबटे मेले आहेत, माणसंही मेली आहेत. म्हणून रात्री अनोळखी बांधावर पाय टाकायचा नाही. मालक पुढे, आपण मागे, आणि त्याने दाखवलेल्या वाटेनेच. महागडं यंत्र गळ्यात असलं की माणसाला वाटतं आपल्याला सगळं दिसतं. या कामात असं वाटू लागणं जिवावर बेततं.

मग घरटी वाचतात कशी? बऱ्याच वेळा पाण्याने. घरट्याभोवती हातभर पाणी असेल तर कुत्रं सहसा पोहोचत नाही, पोहोचलं तरी आवाज करतं आणि पक्षी सावध होतो. पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली किंवा शेतकऱ्याने खत टाकण्याआधी पाणी काढलं की घरट्यापर्यंत कोरडी वाट तयार होते, आणि मग त्याच रात्री घरटं जाण्याची भीती. जागलीत मी हेच टिपून ठेवतो: कोण आलं, कुठून आलं, तेव्हा पाणी किती होतं. पाणी उतरलेल्या बांधीकडे कुत्र्यांची वाट कशी वळते हे पडद्यावर पाहिलेला शेतकरी बांध फोडायला घाई करत नाही. घरट्यापायी त्याचं थोडं धान जातंच, सारस आजूबाजूची रोपं उपटून ढिगावर रचतो. ते नुकसान सोसणाऱ्याला भरपाई वेळेवर आणि हेलपाटे न मारता मिळायला हवी. त्याच्या चांगुलपणावर किती वर्षं भार टाकायचा?

दुसरी गोष्ट कुत्र्यांची. मारून टाका म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही आणि कायद्यालाही मान्य नाही. निर्बीजीकरण आणि लसीकरण हा रस्ता २०२३ च्या नियमांत सांगितलेला आहे. तो शहरांपुरता न राहता सारसांच्या आणि जंगलाच्या कडेच्या गावांत आधी पोहोचला पाहिजे. लस जंगलासाठीही हवी: २०१८ मध्ये गीरमध्ये कॅनाइन डिस्टेंपरने सिंह मेले, तो मुळात कुत्र्यांचा रोग. मेलेली कोंबडी, मेलेलं वासरू गावाबाहेर उघड्यावर टाकणं बंद झालं तर कुत्र्यांचे निम्मे फेरे तिथेच थांबतील.

हे वाचणाऱ्यांत कुणी धान पिकवणारा असेल तर त्याला एवढंच सांगणं आहे. येत्या पावसाळ्यात बांधीत सारसाने ढीग रचायला घेतला तर त्या बांधीचं पाणी महिनाभर मोडू नका. रात्री आपलं कुत्रं बांधून ठेवा. घरट्याचा फोटो किंवा ठिकाण मोबाइलवर फिरवू नका, बीटगार्डला मात्र त्याच दिवशी कळवा. आणि सकाळी अंडी दिसली नाहीत तर कोल्ह्याचं नाव घेण्याआधी बांधावरच्या चिखलात उमटलेल्या पावलांचा माग काढा. तो गावाकडून आला आहे की रानाकडून, हे बघायला कोणतंही यंत्र लागत नाही.