मागच्या सीटवरचा रस्ता

साहित्य शिकवणाऱ्या माणसांनी मोटारसायकलच्या मागच्या स्प्रिंगवर निबंध लिहावा, याचे कोणाला नवल वाटल्यास आम्ही त्याला दोष देणार नाही. मराठी लघुनिबंधाने फडके-काणेकरांच्या काळापासून क्षुल्लक विषयांना आपलेसे केले हे खरे; पण आमचा आधार तो नाही. आम्ही दोघे नवरा-बायको, दोघेही मराठी शिकवतो, आणि गेली अकरा वर्षे साताऱ्याहून कोरेगावला एकाच मोटारसायकलवरून जातो-येतो. या अकरा वर्षांतले जवळजवळ एक वर्ष आमच्यापैकी एकीने कंबर धरून काढले, आणि त्या दुखण्यात आम्हां दोघांच्या एका गैरसमजाचा वाटा होता. तो गैरसमज एका शब्दाचा होता. शब्दांचे गैरसमज हा आमच्या व्यवसायाचाच भाग असल्यामुळे त्याविषयी लिहिण्याचा थोडा अधिकार आम्हांला आहे, असे वाटते.

रस्ता तसा लांबचा नाही, वीसएक किलोमीटर. शहर मागे पडले की संगम माहुली, तिथला कृष्णेवरचा पूल, मग शेते आणि अधूनमधून गावे. गावे म्हटली की गतिरोधक आलेच. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचे जे माप घालून दिले आहे, ते १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद अशा गोलसर उंचवट्याचे आहे; ताशी २५ किलोमीटर वेगाने गेल्यास तो फारसा त्रास देत नाही. प्रत्यक्षातले गतिरोधक मात्र अनेकदा रातोरात उगवलेले असतात. उंची तेवढीच, रुंदी हातभर.

दुखणे सुरू झाले २०१८च्या पावसाळ्यात. डॉक्टरांनी तपासून सांगितले की मणका शाबूत आहे, स्नायू थकले आहेत. व्यायाम करा आणि धक्के टाळा. धक्के टाळायचे म्हणजे गाडी मऊ करायची, हा अर्थ आम्ही काढला. डॉक्टरांनी तो सांगितला नव्हता. गॅरेजमध्ये जाऊन आम्ही म्हटले, "मागची जंपिंग एकदम मऊ करून द्या." त्या तरुणाने पाना लावून दोन्ही शॉकअप तिसऱ्या खाचेवरून पहिल्या खाचेवर आणले. पैसेही घेतले नाहीत. मागितले ते त्याने दिले; चूक असेल तर ती मागण्यातच होती.

त्याच संध्याकाळी आमच्यापैकी पुढे बसणारा एकटाच भाजी आणायला गेला. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. घरी येऊन त्याने प्रशस्तिपत्र देऊन टाकले, आणि दुसऱ्या दिवसापासून विचारील त्याला आम्ही सांगू लागलो की आम्ही गाडी मऊ करून घेतली, आता आम्हांला त्रास नाही. 'आम्ही' हे सर्वनाम इतक्या सहज खोटे बोलू शकते, हे तोवर ध्यानात आले नव्हते. मागे बसणारी काही बोलली नाही. गाडी तिच्यासाठीच मऊ केली होती; केलेल्या काळजीविरुद्ध तक्रार कशी करायची? प्रत्येक गतिरोधकावर खालून 'खट्' असा कोरडा आवाज येई आणि तो थेट तिच्या पाठीत शिरे. तिला वाटे, पाठच बिघडली आहे. पुढच्याला वाटे, रस्ताच बिघडला आहे.

दिवाळीनंतर ती एस.टी.ने जाऊ लागली. यात आमचे जे गेले ते फक्त भाड्याचे पैसे नव्हेत. जाण्यायेण्याचा तो तासभर हा आमच्या दिवसातला एकमेव असा वेळ होता, ज्यात घर नव्हते आणि वर्गही नव्हता. हेल्मेटमधून ओरडून बोलावे लागे, तरी बोलणे होई. कितीएक व्याख्याने त्या रस्त्यावर जुळली. घरून निघालेली भांडणे बहुधा माहुलीच्या पुलापर्यंत पुरत. आता एकजण गाडीवरून, एकजण बसमधून, अशी दोघे वेगवेगळ्या वेळी पोहोचू लागलो. नोकरी सोडण्याचा विषयही एकदा निघाला, आणि दोघांनीही तो घाईघाईने मिटवला.

फेब्रुवारीत मागचे चाक पंक्चर झाले आणि गाडी रस्त्याकडेच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे न्यावी लागली. चाक काढताना त्यांनी शॉकअपच्या दांड्यावरचे रबर बोटाने चाचपले. ते चेपून फाटले होते.

"सर, डबलसीट जाता न्हवं?"

"जायचो. आता मॅडमना कंबरेचा त्रास आहे, म्हणून तर मऊ करून घेतली."

"मऊ कुठली? पार खाली आणून ठेवलीया. दोघं बसला की निम्मी स्प्रिंग तितंच बसती. मग खड्ड्याला जागा कुठं ऱ्हाती?"

त्या एका प्रश्नात सगळे आले. ते उलगडायला आम्हांला मात्र थोडा अभ्यास करावा लागला. स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकने सांगितला. १६७६ मध्ये त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला, आणि १६७८ मध्ये उकल दिली: जेवढा ताण, तेवढे बळ. समजा, एखादी स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबायला दहा किलो वजन लागते. तर दोन सेंटिमीटरला वीस, तीनला तीस. हे प्रमाण तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवरून ठरते. शॉकअपच्या खालच्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांची जी कडी असते, ती फिरवल्याने यातले काहीच बदलत नाही. कडी वरच्या पायरीवर नेली की स्प्रिंग बसायच्या आधीच थोडी दाबली जाते, एवढेच. एक सेंटिमीटर आधी दाबून ठेवली, तर पहिल्या दहा किलोंना ती दाद देत नाही; पण त्यापुढच्या प्रत्येक दहा किलोंना पूर्वीइतकीच, एक सेंटिमीटरच, दबते. म्हणजे कडी फिरवून स्प्रिंग कडक होत नाही आणि मऊही होत नाही. बदलते ते एवढेच की ओझे घेतल्यावर गाडी किती खाली बसते, आणि पुढच्या धक्क्यासाठी किती जागा शिल्लक राहते.

आमच्यासारख्या गाडीचे मागचे चाक साधारण दहा सेंटिमीटर वरखाली होऊ शकते. बसणाऱ्याच्या वजनाने यातला पाव ते एकतृतीयांश भाग खर्च व्हावा, बाकीचा रस्त्यासाठी राखावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. फारच कमी खर्च झाला, तर खड्डा आल्यावर चाक खाली उतरून जमीन धरू शकत नाही आणि गाडी टणटण उडते. फार खर्च झाला, तर उंचवट्यावर चिमटा वर येऊन रबरावर आपटतो. आमचा 'खट्' हा तो आपटण्याचा आवाज होता. तेवढ्या क्षणापुरती स्प्रिंग संपलेली असे, आणि लोखंड व मणका यांच्यामध्ये फक्त सीटचा स्पंज उरे.

किती खर्च होतो हे मोजायला टेप पुरते. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी ठेवायचे, चाकाच्या आसापासून त्याच्या बरोबर वरच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर घ्यायचे, मग गाडी जमिनीवर आणून नेहमीच्या ओझ्यानिशी बसायचे आणि तेच अंतर पुन्हा घ्यायचे. अडचण एकच: जो बसला आहे त्याला ते मोजता येत नाही. आम्ही दोघे तर दोघेही बसलेले. शेवटी आमच्या मुलीला हाक मारली. ती शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आली, भिंतीला हात टेकून आम्ही हेल्मेट, पिशव्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यांसह गाडीवर बसलो, आणि ती खाली वाकून म्हणाली, "सहा सेंटिमीटर. बाबा एकटा बसला तेव्हा साडेतीनच होते." दहातले सहा बसतानाच संपत होते. पुढच्याला रोज भाजी आणताना जी गाडी सुखाची वाटत होती, ती डबलसीट निघाली की वेगळीच गाडी होत होती.

कडी फिरवण्याचे काम आम्ही मग घरीच केले. इंजिन आणि सायलेन्सर थंड होऊ द्यायचे, कडीवरची माती ब्रशने काढायची, टूलकिटमधला आकड्याचा पाना खाचेत नीट बसवायचा, आणि दोन्ही बाजूंना एकच पायरी ठेवायची. पाना सटकला तर बोटांची सालटी निघतात, आमची निघाली. चौथ्या पायरीवर आकडा साडेचारवर आला. संकेतापेक्षा तो अजूनही जास्तच होता, पण 'खट्' थांबले. जिला आम्ही वर्षभर मऊपणा देऊ पाहत होतो, तिला बरे वाटायला स्प्रिंग वर चढवावी लागली. पाठ स्प्रिंगने बरी झाली असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ती व्यायामाने बरी झाली. स्प्रिंगने तिच्यात रोज नवी भर घालणे थांबवले. जूनमध्ये कॉलेज उघडले तेव्हा आम्ही पुन्हा एकत्र निघालो.

रॉबर्ट पर्सिगचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (१९७४) हे पुस्तक आम्ही पूर्वी वाचले होते, आणि त्यातल्या यंत्राला हात न लावणाऱ्या मित्रात आम्हांला आम्ही दिसलोही होतो. त्या वर्षी ते पुन्हा वाचताना लक्ष गेले ते मागे बसलेल्या क्रिस या मुलाकडे. इतका लांबचा प्रवास, बापाचे एवढे चिंतन, आणि मुलापुढे सगळा वेळ बापाची पाठ. शेवटी तो पायांच्या आधारावर उभा राहतो आणि बापाच्या खांद्यावरून त्याला रस्ता दिसतो. पहिल्या वाचनात ही जागा आम्ही दोघांनीही ओलांडून गेलो होतो. निवेदक पुढे बसलेला असला की वाचकही पुढेच बसतो, हे वर्गात आम्ही इतक्यांदा सांगितले आहे, तरी स्वतःच्या गाडीवर ते लागू पडते हे सुचले नाही.

असो. आता पाना पिशवीतच असतो. डबलसीट चौथी पायरी, एकट्याने लांब जायचे तर दुसरी. खरे सांगायचे तर पायरी बदलायचा कंटाळा येतो आणि एकटा जाणारा बहुतेक वेळा चौथीवरच टणटण जातो.

मध्यंतरी मागे बसणारीने गाडी शिकून परवाना काढला. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी आम्ही जागा बदलून कोरेगावहून निघालो. पुढे बसणाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा समोर फक्त एक हेल्मेट आणि ओढणीची गाठ दिसत होती. पुढचा माणूस गतिरोधक पाहतो, नकळत पायांवर भार घेतो, किंचित उठतो. मागच्याला यातले काहीच कळत नाही. पहिल्याच गावाशी खालून धक्का आला आणि तो ओरडला. स्प्रिंग चौथ्या पायरीवर होती, रबराला काही लागले नव्हते; त्याला फक्त माहीत नव्हते.

पुढून आवाज आला, "सांगायचं राहिलं."