पाठ कोणाच्या हाती द्यावी?

गडबला भातलावणी सुरू झाली की वाकून वाकून आयाबहिणींची कंबर धरते. उसण भरली तर पायाळूची लाथ, हा जुना उपाय. शहरात आता कायरोप्रॅक्टिकवाले मणका कडकन दाबतात. १८९५ साली अमेरिकेत डी. डी. पामर यांनी ही पद्धत काढली. आम्ही कारकून, आमची पाठ खुर्चीने खाल्ली. दाबल्याने बरे वाटते, नाही असे नाही. पण ढिल्या पडलेल्या स्नायूंना बळ येते ते रोजच्या व्यायामाने. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामही सुचवला, मणका हाताळणेही. कंबरपट्टा मात्र नको म्हटले. आणि आमच्याकडे तर आधी पट्टाच घेतात! बंधुभगिनींनो, पाय बधिर पडला, लघवी अडली, तर पाठ कोणालाही दाबू देऊ नका. त्याच दिवशी पेणचे सरकारी रुग्णालय गाठा.